ऑर्किडच्या कळ्या न उमलताच गळतायत, नऊच्या सहा राहिल्या

जास्वंदी (२३ एप्रिल, सकाळी)

नमस्कार मंडळी. घरातल्या फेलनॉप्सिस ऑर्किडच्या कळ्या पिवळ्या पडून गळतायत. नऊ होत्या, आज सकाळी सहा राहिल्या. जाणकारांनी जरा लवकर बघाल का? एक-दोन दिवसाआड एक जातेय.

झाड सासूबाईंचं आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पंचाहत्तरीला माझ्या मुलीने दिलं. तेव्हा जांभळट गुलाबी फुलांचे दोन तुरे होते आणि फुलं अडीच महिने टिकली. मग तुरे वाळले आणि पुढचा अख्खा हिवाळा नुसती पानं. मी आशा सोडली होती. सासूबाईंनी नव्हती.

यंदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात खालून दुसऱ्या पानाच्या बगलेतून हिरवं काहीतरी डोकावलं. मला वाटलं, आणखी एक मूळ. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "मूळ नव्हे हे, मुळाचं टोक गोल असतं. याला चोच आहे." खरोखरच चपटं, पोपटाच्या चोचीसारखं किंचित वळलेलं टोक होतं. तेव्हापासून रोज आंघोळ झाली की देवाला नमस्कार आणि मग झाडापाशी. मार्चमध्ये कळ्या मोजण्याजोग्या झाल्या, तेव्हापासून रोज मोजतात. मागच्या वर्षी त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर कशात त्यांचा इतका जीव गुंतलेला मी पाहिला नव्हता. म्हणून ही धावपळ.

आता तपशील. आम्ही पुण्यात, कर्वेनगरला, तिसऱ्या मजल्यावर. झाड पूर्वेच्या गॅलरीत जाळीच्या पडद्याआड होतं. एप्रिलचं ऊन सुरू झालं आणि एका पानावर रुपयाएवढा पांढरट चट्टा पडला, म्हणून १२ तारखेला ते मधल्या खोलीत आणलं. तिथे उत्तरेची खिडकी आहे, दिवसभर दिवा न लावता पेपर वाचता येतो. एसी नाही. खत गेल्या दोन महिन्यांत दिलेलं नाही.

पहिली कळी १८ तारखेला गेली, तीही सगळ्यात खालची, सगळ्यात मोठी, चिंचोक्याएवढी. आदल्या दिवशी हिरवट गुलाबी, टम्म होती. दुसऱ्या दिवशी रंग उतरला, जुन्या कागदासारखी झाली आणि आतल्या लालसर शिरा बाहेरून दिसायला लागल्या. बोट लावलं तर देठासकट हातात आली. नंतरच्या दोन तशाच. पानं मात्र ठीक दिसतात. दांडाही हिरवा आहे.

काय करू?

---

पागोळी (२३ एप्रिल, दुपारी)

जास्वंदीताई, छान लिहिलंत, अर्धं निदान अशा वर्णनातूनच होतं. पण काही गोष्टी हव्यात.

प्लास्टिकचा पारदर्शक कप बाहेर काढून मुळं बघा. चंदेरी मुळं म्हणजे कोरडी, हिरवी म्हणजे ओली, दोन्ही चांगलीच. तपकिरी दिसली तर दोन बोटांत हलकेच दाबा. टणक असेल तर जिवंत, पिचपिचीत असेल तर गेलेलं. आत काय भरलंय, मॉस (वाळवलेलं शेवाळ) की सालींचे तुकडे? कप दुसऱ्या कुंडीत ठेवलाय का, आणि त्या कुंडीला भोक आहे का? पाणी कोण, कधी, किती घालतं? आणि त्या खोलीत झाड नेमकं कुठे आहे, पंख्याखाली, दाराच्या झोतात, भिंतीशी?

कळ्या गळण्याची कारणं बरीच असतात. जागा बदलली, कोरडी हवा लागली, मुळं सडली की पाणी वर पोचत नाही. तोपर्यंत घाबरून जास्त पाणी घालू नका आणि खत तर अजिबात नको.

---

जास्वंदी (२३ एप्रिल, रात्री)

पागोळी, कप काढून पाहिला. बाहेर पांढरी चिनीमातीची कुंडी आहे, तिला भोक नाही. तळाला बोटाचं एक पेर बुडेल इतकं पाणी होतं.

वरची मुळं चंदेरी आणि जाड आहेत, तीन तर कपाच्या बाहेर हवेत आलीत. तळाशी मॉस काळपट आणि ओलंगच्च. तिथली चार मुळं तपकिरी. एक दाबलं तर वरचं साल मोज्यासारखं घसरून हातात आलं आणि आत दोऱ्यासारखी बारीक शीर तेवढी राहिली. मला कसंतरीच झालं.

पाणी सासूबाई घालतात. तुळशीला घातलं की उरलेलं तांब्यातलं याला. म्हणजे जवळजवळ रोज. मला ते आजवर जाणवलंच नव्हतं.

जागा म्हणाल तर पलंगाशेजारी स्टुलावर, खिडकीपासून तीन फुटांवर. पंखा दुपारी बंद असतो आणि दारही लोटलेलं असतं, कारण पलंगाखाली सासूबाईंनी आंब्यांची अढी घातली आहे. रत्नागिरीहून त्यांच्या भावाकडून पाच डझनांच्या दोन पेट्या १४ तारखेला आल्या, खोली उबदार राहावी म्हणून दार बंद. त्यामुळे कोंदट होत असेल का?

---

कलमबाग (२३ एप्रिल, रात्री)

ताई, आधी झाड त्या खोलीतून बाहेर काढा. आत्ता, रात्रीच. मग पुढचं वाचा.

मी ऑर्किडवाला नाही, माझी रत्नागिरी तालुक्यात हापूसची बाग आहे. पण अढी म्हणजे काय ते मला पुरतं ठाऊक आहे. आंबा पिकायला लागला की तो इथिलीन नावाचा वायू सोडतो. एक पिकला की त्या वायूने शेजारचा पिकतो, मग त्याचा वायू तिसऱ्याला. म्हणून तर आपण पेंढ्यात दडपून, दार लावून ठेवतो, ऊब टिकावी आणि हा वायू उडून जाऊ नये. मोठ्या व्यापाऱ्यांच्या रायपनिंग चेंबरमध्ये हाच वायू बाहेरून सोडतात, कायद्याने १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) परवानगी आहे.

तोच वायू फुलाला सांगतो की तुझं काम संपलं, गळून पड. आंबे पिकवायला जेवढा लागतो त्याच्या कितीतरी कमी मात्रेत कोवळी कळी देठाशी सुटते. आमच्याकडे पॅकिंगच्या खोलीत कुणी झेंडूचा हार विसरला तर फारसं काही होत नाही, पण एकदा लग्नाच्या सजावटीची कार्नेशन आणि ऑर्किडं रात्रभर पिकत्या पेट्यांशेजारी राहिली होती. सकाळी कार्नेशन डोळे मिटल्यासारखी आणि ऑर्किडं पारदर्शक झालेली. नुकसान माझंच झालं, भरपाईही मीच दिली, त्यामुळे ते चित्र विसरलेलो नाही.

तुमच्या तारखा बघा. पेट्या १४ ला आल्या, पहिली कळी १८ ला गेली. कच्चे आंबे पेंढ्यात घातल्यावर तीन-चार दिवसांत वास सुटायला लागतो. तुम्ही लिहिलंत त्याच सुमाराला ना?

पूर्वी शहरांतल्या रस्त्यांवर गॅसचे दिवे असत, तेव्हा गळक्या नळ्यांजवळची झाडं अवेळी पानं टाकायची. त्यातला दोषी घटक इथिलीन आहे, हे १९०१ मध्ये नेल्युबोव या रशियन शास्त्रज्ञाने मटारच्या रोपांवर प्रयोग करून दाखवलं. सांगायचा मुद्दा, हा वायू डोळ्यांना दिसत नाही, आणि अढीत आंब्याचा इतका सुंदर वास असतो की कुणाला संशयही येत नाही.

सासूबाईंना सांगा, आंबे बिनधास्त पिकवा. फक्त दोघांना एका खोलीत ठेवू नका.

---

जास्वंदी (२३ एप्रिल, रात्री ११)

काढलं. हॉलमध्ये आणून ठेवलं, दोन्ही खिडक्या उघड्या. सासूबाई जाग्या होत्या. तुमचं सगळं त्यांना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "१८ तारखेलाच सकाळी मी पहिला आंबा हातात घेऊन पाहिला, पिवळा पडत होता."

खूप खूप आभार.

---

कोरांटी (२४ एप्रिल)

कलमबागांचं बरोबरच आहे. पण सडलेली मुळं तशीच ठेवू नका, आजच्या आज कुंडी बदला. मॉस सगळं काढा, सडकी मुळं कापा, दालचिनीची पूड लावा, दांडाही कापून टाका. झाड वाचणं महत्त्वाचं, फुलं काय पुढच्या वर्षी येतील.

---

दूरदेशी (२४ एप्रिल)

दांडा कापू नका हो! मी सिंगापूरला असते. इथे रात्रीसुद्धा तापमान २३ अंशांच्या खाली क्वचितच जातं. वांदा मिस जोकिम हे ऑर्किड इथलं राष्ट्रीय फूल, १९८१ पासून, आणि वांदा इमारतींच्या खाली कुंपणालाही फुलतात. पण फेलनॉप्सिसला फुलाचा दांडा काढायला काही आठवडे गारवा लागतो. माझ्याकडे बाराव्या मजल्यावर दोन झाडं आहेत, हाताएवढी पानं, मुळं कुंडीबाहेर लोंबतायत आणि चार वर्षांत एकही तुरा नाही. तुमच्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या पुण्याच्या थंडीने तुम्हाला ते फुकट दिलंय. आईला फोनवर हे वाचून दाखवलं, ती म्हणाली, "गॅलरीत थंडीत ठेवलं होतं ना, मग सासूबाईंनी आशा सोडली नाही ते बरोबरच होतं."

सहा कळ्या आहेत अजून. त्यांना जगू द्या.

---

पागोळी (२४ एप्रिल, संध्याकाळी)

कलमबाग, मी कुंडीत डोकं घालून बसले होते आणि तुम्ही पलंगाखाली पाहिलंत. मनापासून धन्यवाद. मी फक्त मुळांवरच अडकले असते.

कोरांटी, तुमची काळजी समजते. मीही पूर्वी हेच केलं असतं, आणि केलंही आहे. ठाण्यात माझं पहिलं फेलनॉप्सिस होतं, कळ्यांवर असताना मी त्याची कुंडी बदलली. मुळं स्वच्छ केली, सगळं पुस्तकाप्रमाणे. आठ दिवसांत सगळ्या कळ्या गेल्या आणि पानं चामड्यासारखी लोळली. कळ्या असताना झाडाचं सगळं पाणी वर ओढलं जात असतं. त्याच वेळी मुळं हलवली तर वर काही पोचत नाही. जास्वंदीताईंकडे चार मुळं गेली असली तरी वरची जाड, चंदेरी मुळं जिवंत आहेत आणि पानं ताठ आहेत. म्हणजे झाडाला आज धोका नाही. पानं सुरकुतली असती, बुंधा मऊ पडला असता, तर मी कोरांटींच्या बाजूने उभी राहिले असते आणि दांडा स्वतः कापायला सांगितला असता.

म्हणून आत्ता एवढंच करा. कप चिनीमातीच्या कुंडीतून कायमचा बाहेर. रिकाम्या वाटीत दोन-तीन खापरांच्या तुकड्यांवर ठेवा, म्हणजे तळाला हवा लागेल. तळाचं काळं मॉस चिमट्याने जितकं सहज निघेल तितकंच काढा. चारच्या चारही सडकी मुळं मागे लागून कापू नका, हाताला येईल तेवढं काढा. मग मॉस वरून कोरडं लागेपर्यंत आणि कप उचलल्यावर हलका वाटेपर्यंत पाणी बंद. आत्ताच्या ओलीवर आठ-दहा दिवस सहज जातील.

पुढे पाणी कसं, हे सासूबाईंना समजावणं ही खरी गोष्ट आहे, नाही का? हे झाड मूळचं इंडोनेशिया, फिलिपिन्सकडच्या जंगलांत झाडांच्या खोडांवर वाढणाऱ्यांपैकी. जमिनीत याचं काहीच नसतं. पाऊस आला की मुळं न्हाऊन निघतात आणि मग वाऱ्याने तासाभरात वाळतात. मुळावरचं ते चंदेरी आवरण स्पंजासारखं आहे, पाणी पटकन शोषून ठेवतं. ते सतत भिजत राहिलं की श्वास कोंडतो आणि कुजतं. तुम्ही पाहिलेलं ते मोज्यासारखं साल म्हणजे हेच आवरण.

त्यामुळे रोज चमचाभर पाणी घालण्यापेक्षा पाच-सहा दिवसांनी सकाळी कप नळाखाली धरून भरपूर पाणी वाहू द्यायचं, पूर्ण निथळू द्यायचं आणि मग जागेवर ठेवायचं. पानांच्या बेचक्यात पाणी राहिलं तर कागदाने टिपून घ्या. हे झाड एकाच शेंड्यावर वाढतं, तो शेंडा कुजला की वरची वाढच थांबते. बोअरचं पाणी जड असेल तर पावसाचं साठवा.

फुलं ओसरली की कुंडी बदलायची. मी पाईन बार्कचे (पाईनच्या सालींच्या तुकड्यांचे) दोन भाग, लोणारी कोळशाचा एक आणि नारळाच्या सोडणांचे तुकडे मूठभर असं घालते. सोडणं आधी चार दिवस पाण्यात, रोज पाणी बदलून, नाहीतर त्यातला क्षार मुळांना जाळतो. मधोमध रोपवाटिकेतून येतो तो मॉसचा घट्ट गोळा असेलच, तो बोटांनी कुरवाळत मोकळा करा. तो गोळा बाहेरून कोरडा वाटतो आणि आत महिनोन्महिने ओला राहतो. खत हवंच असेल तर १९:१९:१९, लिटरभर पाण्यात अर्ध्या ग्रॅमच्या वर नको, तेही नवी पानं येत असतानाच.

आणि देवघर त्या खोलीत असेल तर धूप-उदबत्तीचा धूर झाडापर्यंत जाऊ देऊ नका. जळणाऱ्या गोष्टींतूनही थोडा इथिलीन निघतो.

---

जास्वंदी (२५ एप्रिल)

पागोळी, तुमचं सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. "झाडांच्या खोडांवर" हे ऐकताच त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, त्यांच्या माहेरी आवाराच्या कडेला फणस होता आणि त्याच्यावर सीतेची वेणी, तेही ऑर्किडच. पाऊस लागण्याच्या सुमारास पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे घोस हातभर खाली लोंबायचे. "तिला कोण पाणी घालत होतं? आभाळच घालायचं. मग मी याला रोज का घालत होते?" असं स्वतःशीच म्हणाल्या. पुढे मला काहीच समजवावं लागलं नाही. आज सकाळी तुळशीचं पाणी उरलं, ते त्यांनी जास्वंदीच्या झाडाला घातलं.

अढी कोरड्या गॅलरीत हलवली. पेंढा, पोती, सगळं. माझ्या मुलाने आणि मी उचललं, सासूबाईंनी दारातून सूचना दिल्या.

आज पाच कळ्या. एक अजून पिवळी आहे, ती बहुधा जाईल.

---

कलमबाग (२५ एप्रिल)

ज्या कळ्यांना आधीच लागलंय त्या जातील, दोन-चार दिवस धीर धरा. त्यानंतरही गळती चालू राहिली तरच दुसरं कारण शोधा. कोरड्या गॅलरीत वरून ओलं पोतं टाकू नका, आंब्याला बुरशी धरेल.

---

जास्वंदी (१६ मे)

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काही लिहिण्यासारखं होईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं.

२६ तारखेला ती पिवळी गेली. त्यानंतर एकही नाही. चार राहिल्या, त्या जिथे होत्या तिथेच राहिल्या, आणि जवळजवळ आठवडाभर काहीच हललं नाही. सासूबाई रोज फक्त "चार" असं म्हणून स्वयंपाकघरात यायच्या. ४ मेला सर्वात खालच्या कळीवर एक बारीक चीर दिसली. सकाळी चहाच्या वेळी बाजूच्या दोन पाकळ्या सुटल्या, दुपारपर्यंत वरची आणि संध्याकाळी ते पूर्ण उघडलं. मधल्या ओठाच्या टोकाला दोन बारीक दोरे आहेत, मिशांसारखे, आणि घशाशी पिवळ्या ठिपक्यांची रांगोळी. सासूबाई म्हणाल्या, "पतंग बसलाय दांडीवर." दूरदेशींना हे सांगायचं होतं, कारण नंतर वाचलं की १८२५ मध्ये ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने फेलनॉप्सिस हे नाव दिलं, त्याचा अर्थच पतंगासारखं दिसणारं असा आहे. सासूबाईंना अर्थातच हे माहीत नव्हतं.

आज तीन उघडी आहेत, चौथी उद्या-परवा होईल. तळ हवेशीर ठेवलाय, पाणी आठवड्यातून एकदा, शनिवारी, तेही त्या स्वतः बेसिनपाशी उभ्या राहून घालतात. हवेत आलेल्या एका मुळाच्या टोकाला नवा हिरवा शेंडा फुटलाय. कपाची कुंडी फुलं संपल्यावरच बदलेन, बार्क आणून ठेवलं आहे.

आंबेही छान पिकले. पहिले दोन सासूबाईंनी देवापुढे ठेवले, पण देवघर हॉलमध्येच आहे, तर नमस्कार झाल्या झाल्या उचलून आत नेऊन ठेवले.